आईसाठी पाहिलेली दोन स्मृतिभ्रंश केंद्रं

आईला अल्झायमर झाल्यावर पुण्यात दोन केंद्रं पाहिली. पहिल्याची इमारत नवीकोरी, खोलीत एसी, दारात सिक्युरिटी. पण न सांगता संध्याकाळी पुन्हा गेलो, तर आजी-आजोबा टीव्हीसमोर नुसते बसवलेले. एका आजींना ओढणीने खुर्चीला बांधलं होतं. "पडतील ना!" एवढंच उत्तर मिळालं. रात्री किती माणसं असतात, हे कुणी धड सांगेना.

दुसरं जुन्या बंगल्यात. रंग उडालेला, एका खोलीत दोघी. पण या आजारात दिवेलागणीला जीव कासावीस होतो, "घरी जायचंय" सुरू होतं, हे तिथल्या मावशींना पक्कं ठाऊक. म्हणून दिवे लवकर लावतात, सगळ्यांना मटार सोलायला बसवतात. एक आजी सोललेले दाणे परत सालांत टाकत होत्या. मावशींनी न बोलता ताट पुढे सरकवलं. बाथरूमच्या दारावर मोठं चित्र, अंगणात फिरून पुन्हा तिथंच येणारी वाट. रात्री ८ जणांमागे एक माणूस जागं. डॉक्टर मात्र आठवड्यातून एकदाच, ही उणीव खरीच. आमचे डॉक्टर जवळ राहतात म्हणून निभावलं.

खर्च जवळपास सारखाच. आईला दुसरीकडे ठेवलं. परवा तिने मला "दादा" म्हणून हाक मारली आणि शेंग हातात दिली.