छतावरचं दहा टनी पॅकेज युनिट: यंत्र उत्तम, पण बसवणारा जाणकार हवा

पत्र्याच्या शेडमधलं सुपरमार्केट, मोठी शोरूम, लग्नाचा हॉल किंवा एकमजली गोदाम गार करायचं असेल, तर छतावरचं पॅकेज युनिट हा आमच्या मते सध्याचा सगळ्यात सरळ पर्याय आहे. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल आणि ब्लोअर सगळं एकाच पेटीत असतं आणि गॅस कारखान्यातूनच भरून येतो. साइटवर तांब्याची पायपिंग नाही, फ्लेअर (पाइपचं तोंड पसरवून केलेले सांधे) नाहीत, पाइपांतली हवा उपसणारा व्हॅक्यूम नाही. डक्टेबल स्प्लिटमध्ये (आतलं युनिट फॉल्स सीलिंगमध्ये, बाहेरचं वेगळं, मध्ये तांब्याचे पाइप) गॅसगळती बहुतेक वेळा साइटवर केलेल्या सांध्यांतून होते. इथे ते सांधेच नसतात. शिवाय दुरुस्तीसाठी ग्राहकांच्या डोक्यावर शिडी लावून फॉल्स सीलिंग उघडायची वेळ येत नाही.

जुन्या आरसीसी इमारतीसाठी मात्र आम्ही याची शिफारस करणार नाही. डक्ट खाली उतरवायला स्लॅब कापावा लागतो. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी परवानगी हवी आणि ब्रिकबॅट कोबा एकदा फोडला की गळतीची टांगती तलवार कायम राहते. तिथे डक्टेबल स्प्लिट बरा.

इथे विचार केला आहे तो दहा टनी, दोन स्क्रोल कॉम्प्रेसरच्या, आर-४१०ए गॅसच्या, बेल्टवर चालणाऱ्या ब्लोअरच्या युनिटचा. दहा टन म्हणजे सुमारे ३५ किलोवॉट थंडावा आणि ४००० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा. बाहेर ३५ अंश असताना वीज साधारण १२ किलोवॉट लागते. कॅटलॉगमधला टनेज बहुतेक वेळा या ३५ अंशांवरचाच असतो, त्याला टी-१ म्हणतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात ४५-४६ अंशांत हेच युनिट कमी गारवा देतं, जास्त वीज खातं आणि हेड प्रेशर (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) ४००-४३० पीएसआयवरून साडेपाचशेच्या घरात जातं. त्यातच कॉइल मळकी असेल तर भर दुपारी दाब फार वाढला की यंत्र थांबवणाऱ्या हाय प्रेशर कटआउटवर ट्रिप होणारच. म्हणून विदर्भात ४६ अंशांवर तपासलेलं टी-३ युनिटच मागावं. कोकण किनाऱ्यावर तापमानापेक्षा खारी हवा जास्त नुकसान करते. तिथे कॉइलवर गंजरोधक लेप कारखान्यातूनच करून घ्यावा. साइटवर फवारलेला लेप फिन्सच्या आतपर्यंत पोचत नाही.

युनिटचं वजन सुमारे ५०० किलो असतं. नेमका आकडा नेमप्लेटवर पाहावा. हे वजन पत्र्यावर कधीच येता कामा नये. पर्लिनना (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांना) जोडलेल्या वेगळ्या फ्रेमवर कर्ब, म्हणजे युनिट ज्यावर टेकतं ती उंच चौकट, बसतो आणि कर्बमधून वजन राफ्टरपर्यंत (छताच्या मुख्य तिरक्या तुळयांपर्यंत) उतरतं. कर्बची उंची किमान ३०० मिमी ठेवावी, म्हणजे पावसाचं तुंबलेलं पाणी सांध्यापर्यंत चढत नाही. उताराच्या छतावर कर्बच्या वरच्या अंगाला पाणी अडतं, तिथे ते दोन्ही बाजूंना वळवणारा तिरका पत्रा लावला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात खाली बादल्या ठेवाव्या लागतील. कर्ब लेव्हलमध्ये असणं अत्यावश्यक आहे, नाहीतर ड्रेन ट्रेमधलं (कॉइलवरून ठिबकणारं पाणी जमतं त्या ट्रेमधलं) पाणी चुकीच्या कोपऱ्यात साचतं. कर्ब आणि युनिटमधलं गॅस्केट सलग हवं, कोपऱ्यांवरही तुटलेलं नको.

चढवताना हायड्रा क्रेनने चारही लगमधून (उचलण्याच्या कड्यांमधून), पट्टे फाकवून धरणारा स्प्रेडर बार लावूनच उचलावं. बार नसेल तर पट्टे आत ओढले जातात आणि वरचा पत्रा व कंडेन्सर फॅनची जाळी दबते. वाऱ्याच्या दिवशी उचलू नये. युनिट जागेवर आल्यावर वाहतुकीसाठी लावलेले लाकडी ठोकळे आणि क्लॅम्प काढले का, हे स्वतः पाहावं. ते राहिले तर थरथर थेट छतात उतरते.

छतावरचा सगळ्यात मोठा धोका विजेचा नाही, पारदर्शक एफआरपी (फायबरच्या) पत्र्याचा आहे. उजेडासाठी टाकलेला हा पत्रा उन्हाने ठिसूळ होतो आणि धुळीने बाजूच्या पत्र्यासारखाच दिसतो. पाय पडला की माणूस थेट फरशीवर. त्यामुळे युनिटपर्यंत जाळीची पायवाट, युनिटभोवती मीटरभर रुंद प्लॅटफॉर्म आणि हार्नेस अडकवायला लाइफलाइन, हे सगळं कोटेशनमध्येच लिहून घ्यावं. नंतर करू म्हटलं की ते होत नाही.

ड्रेन ट्रॅप, म्हणजे ट्रेच्या पाइपमधला पाणी धरून ठेवणारा यू आकाराचा वाक, हा आमच्या लेखी या यंत्राचा सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. ब्लोअर कॉइलच्या पुढे असल्याने ट्रेच्या भागात हवा आत ओढली जात असते. ट्रॅप नसेल, तर बाहेरची हवा ड्रेन पाइपमधून आत घुसते, ट्रेमधलं पाणी बाहेर पडतच नाही, ट्रे भरतो आणि पाणी डक्टमधून खाली टपकतं. लोक छत गळतंय समजून डांबर मारत बसतात. हिशेब सोपा आहे. ट्रेजवळचा ऋण दाब (ब्लोअरची ओढ) पाण्याच्या मिमीमध्ये मोजावा आणि त्यात २५ मिळवावेत. ट्रेच्या तोंडापासून ट्रॅपचं बाहेरचं तोंड तेवढं खाली हवं, आणि त्याखाली पाण्याची सील (ट्रॅपमध्ये अडून राहणारं पाणी) त्याच्या निम्मी. दाब ४० मिमी असेल तर ६५ मिमीचा उतार आणि साधारण ३३ मिमीची सील. व्हेंट (पाइपचं हवेसाठी उघडं तोंड) ट्रॅपच्या नंतर असावा, आधी कधीच नाही. पुढच्या पाइपला मीटरमागे १० मिमी उतार पुरे. आणखी एक बाब विदर्भ-मराठवाड्याची: एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कॉइलवर पाणी जमतच नाही, ट्रॅप सुकतो, आणि पहिल्या दमट दिवशी ट्रे भरून वाहतो. उन्हाळ्यात अधूनमधून बाटलीभर पाणी ओतून ट्रॅप भरावा.

विजेच्या बाजूला ४१५ व्होल्ट तीन फेज, युनिटशेजारी कुलूप लागणारा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच), आणि दोन स्वतंत्र अर्थिंग. कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणारा क्रँककेस हीटर पहिल्या स्टार्टच्या आधी किमान १२ तास चालू हवा, नाहीतर तेलात विरघळलेला गॅस एकदम उकळतो आणि बेअरिंगला तेल मिळत नाही. स्टार्ट करताना दोन्ही गेज लावलेलीच हवीत. सक्शनचा (आत येणाऱ्या गॅसचा) दाब उतरत नाही, डिस्चार्जचा (बाहेर जाणाऱ्याचा) चढत नाही आणि खडखडाट येतोय, म्हणजे स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतोय. लगेच बंद करावं. ब्लोअरकडे पाहून दिशा ठरवू नये. तो उलटा फिरला तरी थोडी हवा फेकतोच, इथेच नवखे फसतात. दुरुस्ती मुख्य येणाऱ्या केबलच्या दोन फेज बदलून करावी, कॉम्प्रेसरच्या टर्मिनलवर नाही, कारण आतल्या सगळ्या मोटरींचा क्रम कारखान्यात जुळवलेला असतो.

तिन्ही फेजमधला व्होल्टेज मोजावा. ४०५, ४१५, ४२५ असे आकडे वरवर ठीक वाटतात, पण सरासरीपासून १० व्होल्टचा फरक म्हणजे २.४ टक्के असंतुलन. २ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. वाइंडिंगची तापमानवाढ असंतुलनाच्या आकड्याच्या वर्गाच्या (२.४ × २.४) सुमारे दुप्पट टक्क्यांनी वाढते, म्हणजे इथे साडेअकरा टक्के. फेज बिघाड ओळखून कॉम्प्रेसर थांबवणारा रिले नसेल, तर तो आधी लावून घ्यावा.

देखभालीत फिल्टर पहिला. रस्त्यालगतच्या दुकानात दोन आठवड्यांनी, इतरत्र महिन्याने. फिल्टर तुंबला की हवा घटते, कॉइलवर बर्फ धरतो, आणि मेकॅनिक गॅस कमी आहे म्हणत सिलिंडर आणतो. बर्फ दिसला तर आधी फिल्टर आणि बेल्ट बघा. बेल्ट मधोमध दाबल्यावर पुल्यांच्या अंतराच्या मीटरमागे १६ मिमी एवढाच दबावा. जास्त ताणला तर बेअरिंग जातं, सैल राहिला तर काळी भुकटी पडते.

कंडेन्सर कॉइल आतून बाहेर धुवावी, साध्या दाबाच्या पाण्याने. कार वॉशच्या पंपाने फिन्स झोपतात. अॅल्युमिनियमच्या मायक्रोचॅनल कॉइलला आम्लाचं क्लीनर लागलं तर छिद्रं पडतात, आणि ती कॉइल सहसा जोडता येत नाही, बदलावीच लागते.

गळती झालीच, तर वरून थोडा गॅस टॉप-अप करू देऊ नका. गळती बंद करून, कोरड्या नायट्रोजनने दाब तपासून, ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम करून, नेमप्लेटवर लिहिलेलं वजन काट्यावर मोजून भरावं. आर-४१०ए मिश्रण असल्याने तो द्रवरूपातच भरतात. दाब तपासायला ऑक्सिजन कधीही वापरू नये, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. आर-२२ ची जुनी होज इथे चालत नाही, ८०० पीएसआयची लागते. नवी आर-३२ युनिटं घेत असाल तर तो गॅस सौम्य ज्वलनशील आहे. रिकव्हरी (सगळा गॅस काढून घेणं) पूर्ण झाल्याशिवाय ब्रेझिंगचा टॉर्च पेटवू नये.

कोणतंही पॅनल उघडण्याआधी आयसोलेटर बंद, त्याला स्वतःचं कुलूप, चावी स्वतःच्या खिशात. मग मीटर आधी चालू असलेल्या लाइनवर तपासायचा, मग युनिटवर शून्य पाहायचं, मग पुन्हा चालू लाइनवर. कॅपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज उतरवल्याशिवाय हात घालू नये.

खर्चाचं म्हणाल, तर सुरुवातीला हे डक्टेबल स्प्लिटपेक्षा महाग पडतं, आणि प्लॅटफॉर्म, कर्ब, हायड्रा धरला तर फरक आणखी वाढतो. तरीही पत्र्याच्या शेडसाठी आम्ही हेच घेऊ. फक्त वार्षिक करार करताना बेल्ट, फिल्टर आणि कॉन्टॅक्टर त्यात धरलेत का हे पाहावं, आणि दर भेटीत दोन्ही प्रेशर, तिन्ही फेजचे अँपिअर व रिटर्न-सप्लाय हवेचं तापमान लिहून मागावं. दोन्ही तापमानांत ८ ते ११ अंशांचा फरक असेल तर यंत्र नीट चाललंय. दमट दिवसांत तो थोडा कमीही भरतो.