सात महिने व्हीपीएन वापरल्यावर

मी नौपाड्यात राहते, घरूनच लोकांचे आयकर रिटर्न भरते. पन्नासेक कुटुंबांचे पॅन आणि बँकेची स्टेटमेंट माझ्या लॅपटॉपवर असतात. ऐन जुलैच्या गर्दीत आमच्या ब्रॉडबँडवाल्याने एक प्रकार सुरू केला. एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद जोडणी, नसलेली एखादी जुनी साइट उघडली, की आधी त्याच्या प्लॅनची जाहिरात झळकायची. मी कुठे जाते हे त्याला दिसतं आणि तो मध्येच हात घालू शकतो, हे समजल्यावर मी त्याच आठवड्यात मुलवॅड ही स्वीडनच्या कंपनीची व्हीपीएन सेवा घेतली. व्हीपीएन म्हणजे माझ्या लॅपटॉपपासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंतचा कुलूपबंद बोगदा, आत काय चाललंय ते ब्रॉडबँडवाल्याला दिसत नाही.

खातं काढताना नाव, ईमेल, फोन काहीच विचारलं नाही. सोळा आकडी नंबर मिळाला, तो वहीत लिहून ठेवला. महिन्याला 5 युरो, 2009पासून तोच भाव. एप्रिल 2023मध्ये स्वीडनचे पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन त्यांच्या कार्यालयात गेले होते. ग्राहकांची माहिती साठवलेलीच नव्हती, त्यामुळे हात हलवत परतले. मी निवड केली ती यासाठी. अर्थात कार्डाने पैसे भरले की माझ्या बँकेत नोंद राहतेच.

वेग पुरेसा आहे. 100 एमबीपीएसच्या लाइनवर सिंगापूरचा सर्व्हर निवडला की सत्तरच्या आसपास मिळतो. लाइट जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला, तर बोगदा जोडला जाईपर्यंत नेट बंदच राहतं. सुरुवातीला चिडचिड व्हायची, पण ते तसंच हवं.

खरा त्रास बँकेचा. परदेशी आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिसला की नेटबँकिंग उघडत नाही. भारतातला सर्व्हर निवडावा, तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं, आणि बऱ्याच परदेशी कंपन्यांनी इथले सर्व्हर काढून घेतले. मी स्प्लिट टनेलिंग, म्हणजे ठरावीक ॲप बोगद्याबाहेर चालवायची सोय, वापरून बँकेचं ॲप व्हीपीएनबाहेर ठेवलंय.

सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट 2017मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरी आयटी कायद्याच्या कलम 69 खाली पाळतीचा हुकूम गृहसचिव देतात, न्यायाधीशाची सही लागत नाही. मला हे मान्य नाही. व्हीपीएनने ते बदलत नाही. गुगलवर लॉगिन केलं की गुगलला मी ठाऊक असतेच, आणि ब्रॉडबँडवाल्यावरचा विश्वास मी फक्त स्वीडनच्या कंपनीवर ठेवला आहे, एवढंच.

दिवाळीत भाचा म्हणाला, "मावशी, तुझ्याकडे व्हीपीएन आहे ना, मग नवा सिनेमा उतरवून दे की. कोण पकडतंय?" मी साफ नाही म्हटलं. दोन आठवडे थिएटरात टिकायची मारामार असलेल्या मराठी सिनेमाचे पैसे असे बुडवायला मी माझी गोपनीयता मागत नाही. थिएटरात चोरून चित्रण केलं तर 2023च्या दुरुस्तीनंतर किमान तीन महिने कैद आहे, हेही सांगितलं.

त्याने ऐकलं नाही. टेलिग्रामवरून फुकट सिनेमांचं एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायची ॲपची फाइल, त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या ताईच्या, फोनवर टाकलं. मी हातात घेतला तेव्हा ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागत होतं. ताईच्या बँकेचे सगळे ओटीपी त्याच फोनवर येतात. ॲप काढलं, फोन रीसेट केला, आणि ताईला शेजारी बसवून तिचा यूपीआय पिन बदलून घेतला.