मॅक्सेंट: दुर्मिळ आमरीचा नकाशा काढायचाय तर घ्याच, पण जांभ्याचा लेअर आपला आपण टाका

5 पैकी 4 स्टार. मॅक्सेंट म्हणजे एखादी वनस्पती कुठे कुठे तग धरू शकेल याचा नकाशा काढणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जावा टाकलेलं असलं की साध्या लॅपटॉपवर चालतं. बॉटनीच्या पोरांनी आणि घाटमाथ्यावर फुलांच्या नोंदी करत फिरणाऱ्या सगळ्यांनी एकदा तरी वापरून बघावं. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या साइटवर मिळतं, मूळ पेपर 2006 चा, फिलिप्स, अँडरसन आणि शापिरे यांचा. आपण वनस्पती कुठे कुठे सापडली त्याची सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) द्यायची, हवामानाचे लेअर (चौकोनाचौकोनांचे नकाशे) द्यायचे, मग ते प्रत्येक चौकोनाला 0 ते 1 मधला आकडा देतं, की इथलं हवामान तिला किती मानवेल. 2041-2060 चे लेअर दिले तर तेव्हाचा नकाशाही काढून देतं.

मी वापरते ते हबेनारिया पांचगणिएन्सिससाठी. सांतापाव आणि कपाडिया यांनी पाचगणीच्या नावावरून नाव दिलेली आपली आमरी (ऑर्किड), फक्त महाराष्ट्रातली. पावसात कंदातून वर येते, फुलते, आणि पाऊस सरला की सडा (जांभ्याचं उघडं पठार) असा कोरडा ठाक पडतो की इथे काही होतं यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. म्हणूनच मॅक्सेंट आवडतं, कारण त्याला "इथे नाही" अशा नोंदी लागतच नाहीत, फक्त सापडली त्या जागा पुरतात. जी वनस्पती वर्षातला बराच काळ जमिनीखाली असते ती एखाद्या पठारावर नाही हे छातीठोकपणे सांगणार कोण? नोंदी थोड्या असल्या तरी ते सांभाळून घेतं, 10 पेक्षा कमी असतील तर सरळ रेषांपुरतंच थांबतं, वाकडीतिकडी वळणं काढत बसत नाही.

आता जिथे डोकं लावावं लागतं ते. सगळे वर्ल्डक्लिम या जगभरच्या हवामानाच्या फुकट डेटातले 19 लेअर उचलून टाकतात, त्यातला सगळ्यात बारीक चौकोनसुद्धा साधारण 1 किलोमीटरचा. आपल्या घाटात 1 किलोमीटरमध्ये पठार, कडा आणि खालचं रान तिन्ही बसतात ओ! आणि या आमरीला नुसतं हवामान पुरत नाही, जांभ्यावरचा मातीचा पातळ थर लागतो. तो लेअर दिला नाही तर जिथे तसा थंड पाऊस पडतो ते सगळं जंगल नकाशात लालभडक, म्हणजे आमरीला उत्तम, दिसतं आणि लोक ते तसंच रिपोर्टमध्ये चिकटवतात. तेव्हा सॅटेलाइट फोटोवरून सडे हाताने आखायचे आणि लेअर म्हणून द्यायचे, वेळखाऊ काम आहे पण नकाशाचा जीव त्यातच आहे.

दुसरं, नोंदी कुठून घेताय ते बघा. आयनॅचरलिस्टवर (लोक निसर्गाच्या नोंदी टाकतात ती साइट) धोक्यातल्या जातींचे कोऑर्डिनेट्स मुद्दाम लपवलेले असतात, 0.2 अंशाच्या चौकोनात कुठेही बिंदू पडतो, म्हणजे 20-22 किलोमीटरचा खेळ. चोरांपासून वाचवायला ते हवंच, पण तसाच बिंदू उचललात तर पठारावरची आमरी वाईच्या उसात जाऊन बसते. शिवाय कास आणि पाचगणीला गाडी जाते म्हणून तिथल्या नोंदी भरपूर, आडबाजूच्या सड्यांवर कोणी जातच नाही, म्हणजे मॉडेल आमरीऐवजी रस्ता शिकतं. त्यासाठी बायस फाइल (लोक कुठे जास्त फिरले ते सांगणारा लेअर) द्यायची सोय आहे, ती वापरा.

भविष्याचा नकाशा मात्र बघवत नाही. गरम व्हायला लागलं की वनस्पती वर सरकतात म्हणे, पण ही आधीच माथ्यावर आहे. पाचगणीचं टेबललँड 1300 मीटरच्या वर, महाबळेश्वरचा सगळ्यात उंच पॉइंट 1438 मीटर, मधे राहिले शेसव्वाशे मीटर. दर 100 मीटरला साधारण 0.6 अंश उतरतात असं धरलं तरी एका अंशाचीसुद्धा भरपाई होत नाही, आणि वर गेली तरी महाबळेश्वरचा पाऊस पाचगणीच्या दुपटीहून जास्त, तो तिला झेपेल का? त्यात तिच्या धुळीसारख्या बियांना रुजायला मातीतली बुरशी लागते, ती तिथे आहे का हे मॅक्सेंटला कळायचा मार्गच नाही.

म्हणून मी त्यातून एकच गोष्ट घेते: आजच्या नकाशातही चांगले आणि 2060 च्या नकाशातही चांगले राहणारे सडे. ते आधी वाचवायचे. पाचगणी-महाबळेश्वरला 2001 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, कास जागतिक वारसा यादीत आहे, पण माझ्या यादीतले जे सडे या दोन्हींच्या बाहेर पडतात तिथे रिसॉर्टचा पाया खणला गेला तर विचारणारं कोणी नाही. त्यांची नावं पहिल्यांदा वनखात्याला द्यायची आणि ऑगस्टमध्ये पायी जाऊन बघायचं.

एयूसी (मॉडेल किती चांगलं याचा मार्क, 1 म्हणजे पैकीच्या पैकी) 0.9 आला म्हणून हुरळून जाऊ नका, अख्खा महाराष्ट्र बॅकग्राउंडला (तुलनेच्या प्रदेशाला) घेतला की तो आपोआप फुगतो, सह्याद्रीपुरताच पट्टा घ्या. व्हर्जन 3.4 किंवा पुढचं घ्या, आणि मोठे लेअर टाकल्यावर अडकलं तर प्रोग्रॅम सुरू करणारी बॅट फाइल नोटपॅडमध्ये उघडून 512 च्या जागी मोठा आकडा टाका, मेमरी वाढते.