ट्रेड्स : कुपवाड-मिरजेच्या मशीन शॉपला कितपत उपयोगी?

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतून माल मोठ्या कंपनीकडे गेला की पैसे यायला साठ-नव्वद दिवस सहज जातात. तोवर दोन-तीन पगार होतात, विजेचं बिल येतं आणि न आलेल्या पैशांवरचा जीएसटीही भरावा लागतो. ही दरी भरायला ट्रेड्स, म्हणजे खरेदीदाराने मान्य केलेल्या बिलावर बँकांकडून मुदतीआधी पैसे मिळवून देणारा ऑनलाइन प्लॅटफॉर्म, ही सोय खरोखर चांगली आहे. अडचण येते ती सीसी (कॅश क्रेडिट) खात्याशी, म्हणजे माल आणि येणे बाकी तारण ठेवून बँकेने दिलेल्या खेळत्या कर्जाशी, तिचा मेळ न घातल्यामुळे.

रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या या प्लॅटफॉर्मपैकी आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज आणि इनव्हॉइसमार्ट हे तीन २०१७ पासून सुरू आहेत. उद्यम नोंदणी, पॅन, जीएसटी आणि बँक खात्याचे कागद देऊन नोंदणी होते. बिल चढवायचं, खरेदीदाराने ते मान्य करायचं, मग बँका व्याजदराची बोली लावतात. पटेल ती बोली आपण घ्यायची, रक्कम साधारण पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येते. मुदत भरली की वसुली खरेदीदाराच्या खात्यातून होते. त्याने पैसे बुडवले तरी बँक आपल्या दारात येत नाही, ही या सोयीची सगळ्यात मोठी बाजू. बोलीही खरेदीदाराची पत बघून लागते, म्हणून लहान वर्कशॉपला स्वतःच्या नावावर कधी मिळाला नसता असा दर मिळू शकतो.

उदाहरणादाखल ५ लाखांचं बिल धरू, मुदत ६० दिवस. बोली ८.५ टक्क्यांची असेल तर व्याज ६,९८६ रुपये. तेच पैसे ११ टक्क्यांच्या सीसीतून वापरले तर ९,०४१. फरकातून प्लॅटफॉर्मची फी आणि तिच्यावरचा जीएसटी वजा करा. बिल लहान असेल तर ही फीच बचत खाते, तेव्हा दर आधी विचारून घ्या.

आता सीसीकडे बघू. हेच बिल येणे बाकीत दाखवून, ४० टक्के मार्जिन (ज्यावर बँक कर्ज देत नाही तो हिस्सा) धरता, त्यावर ३ लाखांची ड्रॉइंग पॉवर (डीपी, म्हणजे सीसीतून उचलता येणारी रक्कम) मिळालेली असते. बिल ट्रेड्सवर डिस्काउंट झालं, म्हणजे व्याज कापून पैसे हातात आले, की ते यादीतून काढावंच लागतं आणि डीपी तेवढी खाली येते. सीसी काठोकाठ वापरली असेल तर हातात आलेल्या ४.९३ लाखांतले ३ लाख तिथेच भरावे लागतात. नव्याने सुटतात ते जेमतेम १.९३ लाख. पूर्ण रक्कम कच्च्या मालात घातली तर पुढच्या स्टॉक स्टेटमेंटला (बँकेला द्यायचं माल आणि येण्याचं विवरण) खातं ओव्हरड्रॉन, म्हणजे मर्यादेबाहेर, झालंच म्हणून समजा. बिल दोन्हीकडे दाखवणं म्हणजे एकाच मालावर दोनदा कर्ज, ते कदापि करू नका. येणे बाकी सीसीच्या बँकेकडे तारण असते, म्हणून तिचं ना-हरकत पत्र आधीच मागून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ मान्यतेत जातो. माल पोचला, पण जीआरएन (माल मिळाल्याची खरेदीदाराकडची नोंद) नाही. जीआरएन झाला, तर क्वालिटीची सही नाही. ६० पैकी २० दिवस असेच गेले तर लवकर पैसे मिळण्यात राम उरत नाही. रिजेक्शनची डेबिट नोट (नाकारलेल्या मालापोटीची कपात) आणि टीडीएस वजा करून निव्वळ रक्कमच मान्य करून घ्या, नंतरचा वाद प्लॅटफॉर्मबाहेर निस्तरावा लागतो.

व्याज कोण सोसणार हेही ऑर्डर घेतानाच लिहून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. खरेदीदार ९० दिवस लावणार आणि डिस्काउंटचा खर्च आपल्या माथी मारणार, हे मुळीच मान्य करू नये.

२५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे, पण प्रत्येक बिल तिथे मान्य करण्याची सक्ती नाही. म्हणून आपली नोंदणी करण्याआधी त्यांच्या अकाउंट्स विभागाला एवढंच विचारा : पुरवठादारांची बिलं तुम्ही ट्रेड्सवर प्रत्यक्ष घेता का, आणि मान्यता किती दिवसांत देता? आठवड्याच्या आत म्हणत असतील तर लगेच नोंदणी करा. उत्तर गोलमोल आलं तर सध्या सीसीची मर्यादा वाढवून घेणंच बरं.