स्वतःचाच तास ऐकताना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी माझ्या जर्मनच्या वर्गातला आठवड्यातून एक तास ध्वनिमुद्रित करते आणि त्यातली निवडक दहा मिनिटे घरी बसून ऐकते. त्यासाठी वापरलेली साधने मोजकी आहेत: कॉलरला लावायचा एक मायक्रोफोन, वर्गाच्या मध्यभागी ठेवलेला दुसरा मायक्रोफोन, बोललेले आपोआप लिहून देणारे एक सॉफ्टवेअर आणि ‘एलान’ हा मोफत मिळणारा प्रोग्राम, जो नेदरलँड्समधील नाइमेखन येथील माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेत तयार झाला आहे. परदेशी भाषेच्या अध्यापनात तंत्रज्ञानाचा विषय निघाला की विद्यार्थ्यांच्या हातात कोणते अ‍ॅप द्यावे, यावरच बहुतेक चर्चा संपते. शिक्षकाने स्वतःच्या शिकण्यासाठी तंत्रज्ञान कसे वापरावे याबद्दल सुरुवातीला मला हवे होते तसे काही वाचायला मिळाले नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

कल्पना जुनीच आहे. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापनाची पद्धत आकाराला आली. छोटा पाठ घ्यायचा, त्यावरचे अभिप्राय ऐकायचे आणि तोच पाठ सुधारून पुन्हा घ्यायचा, हा क्रम प्रशिक्षण घेतलेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतो. मात्र प्रशिक्षणातला पाठ बेतलेला असतो आणि विद्यार्थी म्हणून समोर बसलेले सहाध्यायी सहसा अडत नाहीत. खऱ्या वर्गात विद्यार्थी अडतो, आणि त्या क्षणी आपण काय करतो हे आपल्याला आठवत नाही, कारण आपले लक्ष त्याच्याकडे असते. पहिले दोन आठवडे मी चित्रमुद्रण केले, पण पाहताना नजर सारखी स्वतःच्या हातवाऱ्यांवर जात राहिली. नुसता आवाज ठेवल्यावर ऐकणे सुरू झाले. दोन मायक्रोफोनचे मुद्रण जुळवण्यासाठी तासाच्या आरंभी एक टाळी वाजवते, ती दोन्ही आलेखांत ठळक दिसते.

आता मुख्य अडचण सांगते, कारण बोललेले आपोआप लिहून देणारे हे सॉफ्टवेअर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक भाषाशिक्षकाला ती आधी कळायला हवी. एका विद्यार्थ्याने ‘मी घरी गेलो’ या अर्थी ‘इश हाबे नाख हाउझे गेगांगेन’ असे वाक्य म्हटले. जाण्या-येण्याच्या क्रियापदांना पूर्ण भूतकाळात ‘हाबेन’ हे सहायक क्रियापद चालत नाही, तिथे ‘झाइन’ लागते, म्हणजे ‘इश बिन’ असे हवे. ही चूक माझ्या कानांनी ऐकली होती. लिहून आलेल्या मजकुरात मात्र ‘इश बिन’ असे शुद्ध वाक्य होते. अशी सॉफ्टवेअर प्रचंड प्रमाणातल्या लिखित मजकुराशी जोडलेल्या भाषणावर घडवलेली असतात आणि अस्पष्ट आवाजाच्या जागी सर्वांत संभवनीय शब्द बसवतात. विद्यार्थ्याचे अडखळणे, शब्द अर्धवट सोडणे, मागे येऊन दुरुस्त करणे, हे सारे ती गाळतात. दोन वेळा तर वर्ग शांत असताना कोणीही न म्हटलेले एक वाक्य कागदावर उमटले. आम्हाला ज्या चुका आणि जो अडखळा तपासायचा असतो, तोच तिथे पुसला जातो. नवशिक्या बोलणाऱ्याचे मूल्यमापन अशा मजकुरावरून कोणी करत असेल तर ते तातडीने थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून विद्यार्थ्यांच्या बोलण्यासाठी मी एलानकडे वळले. त्यात आवाजाच्या आलेखाखाली हवे तेवढे थर आखता येतात. मी तीन आखले: माझे बोलणे, विद्यार्थ्याचे बोलणे आणि शांतता. प्रत्येक तुकडा हाताने निवडून खूण करावी लागते, पण मग त्याची लांबी सेकंदाच्या अंशांत मिळते. हा प्रोग्राम भाषावैज्ञानिकांसाठी बनवलेला असल्याने पहिले तीन आठवडे तो समजून घेण्यातच गेले. दहा मिनिटांच्या खुणा करायला सुरुवातीला तास-सव्वा तास लागे. आता अर्ध्या तासात होतात.

पहिल्या महिन्यातल्या मुद्रणांत मी विचारलेल्या प्रश्नांनंतरची शांतता मोजली. बहुतेक ठिकाणी ती दीड सेकंदही नव्हती. तेवढ्यात मी प्रश्न पुन्हा म्हणत होते, त्याची शब्दरचना बदलत होते किंवा उत्तराचा पहिला शब्द स्वतःच पुरवत होते. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतून हीच मोजणी मांडली होती: शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात, न विचारता बोलणारेही वाढतात. हे मी प्रशिक्षणात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. तरीही ते माझ्याबद्दल आहे असे कधी वाटले नव्हते. परकी भाषा बोलणाऱ्याला तर प्रश्न समजून घ्यायचा असतो, सांगण्यासारखे काही शोधायचे असते, शब्द जुळवायचे असतात आणि जर्मनमध्ये क्रियापद कुठे बसेल तेही ठरवायचे असते. मी हे सगळे दीड सेकंदात मागत होते.

थांबायला शिकणे अवघड गेले. मनात आकडे मोजले की विद्यार्थ्याकडचे लक्ष उडते. याचा उलगडा एका सहकाऱ्यांनी केला. आम्ही एकमेकांना दर पंधरवड्याला दहा मिनिटांचा तुकडा ऐकवतो आणि समोरच्याने विचारले असेल तेवढ्याबद्दलच बोलतो, हा आमचा नियम आहे. तुकडा ऐकून ते म्हणाले, “मॅडम, प्रश्न विचारल्यावर तुम्ही पान उलटता. मला कागदाचा आवाज येतोय.” पुन्हा ऐकले तर खरोखरच प्रत्येक प्रश्नामागून पानाची सळसळ होती. विद्यार्थ्याने उत्तर जुळवायला घेण्याआधीच मी पुढे निघाल्याचे त्याला कळवत होते. तेव्हापासून प्रश्न विचारताना पुस्तक मिटून टेबलावर ठेवते. मोजणी न करताही शांतता तीन सेकंदांच्या पुढे गेली.

चौथ्या महिन्यातला एक तुकडा मी अजून जपून ठेवला आहे, अर्थात त्या विद्यार्थिनीला विचारून. एक दिवस मोकळा मिळाला तर काय करशील, असा प्रश्न होता. ती एरवी एका शब्दात उत्तर देत असे. आलेखावर साडेसहा सेकंदांची सपाट रेघ दिसते, मध्ये पेन टेबलावर आपटल्याचे दोन बारीक टोक, आणि मग सावकाश: ‘वेन इश फ्राय हेटे... वुर्डे इश... श्लाफेन. नाइन. लेझेन.’ झोपेन, नाही, वाचेन. संकेतार्थ बरोबर, क्रियापदाची जागा बरोबर, आणि तिने स्वतःचे मतही स्वतःच बदलले. हे मी पूर्वीच्या सवयीने दुसऱ्या सेकंदाला तोडले असते.

सर्वांना मात्र ही शांतता मानवत नाही. एका विद्यार्थ्याने तासानंतर सांगितले की सगळे थांबून पाहत असले की तोंडी परीक्षेसारखे वाटते. त्यामुळे अवघड प्रश्नाआधी आता मी अर्धा मिनिट शेजाऱ्याशी बोलायला देते.

चुकांच्या दुरुस्तीबाबतही ऐकून सवय बदलली. विद्यार्थी चुकला की मी त्याचेच वाक्य शुद्ध करून म्हणत असे, आणि तो ‘या’, म्हणजे ‘हो’, म्हणून पुढे जाई. लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ साली मॉन्ट्रियल परिसरातल्या फ्रेंच वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शिक्षकांच्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्या याच प्रकारच्या होत्या आणि त्यांतल्या सुमारे ३१ टक्क्यांनाच विद्यार्थ्यांकडून काही प्रतिसाद मिळाला होता. आता मी ‘इश हाबे...?’ एवढेच चढ्या सुरात म्हणून थांबते. पुष्कळदा दुरुस्ती विद्यार्थ्याकडूनच येते. जो नियम शिकवलेलाच नाही तिथे अर्थातच येत नाही, तिथे सरळ सांगावे.

सॉफ्टवेअरचा खरा उपयोग मला माझ्या स्वतःच्या बोलण्यासाठी झाला. कॉलरच्या मायक्रोफोनवरचा सफाईदार आवाज ते जवळजवळ बिनचूक लिहिते, आणि लिहिलेल्यात शब्द शोधता येतो. पन्नास मिनिटांच्या एका तासात मी ३१ वेळा ‘झेअर गूट’, म्हणजे ‘फार छान’, म्हटले होते, चुकलेल्या उत्तरांनंतरही. त्याहून मनाला लागले ते वेगळेच. माझी वाक्ये आज्ञार्थी आणि तोकडी होती, गौण वाक्ये जवळजवळ नव्हतीच. युरोपीय भाषा चौकटीतल्या ए१ आणि ए२ या सुरुवातीच्या पायऱ्या वर्षानुवर्षे शिकवताना माझे स्वतःचे जर्मन त्याच पायरीवर उतरू लागले होते. ज्यांची ही मातृभाषा नाही त्या शिक्षकांच्या व्यावसायिक विकासात सर्वांत आधी याची दखल घ्यायला हवी. कार्यशाळांत मात्र नव्या साधनांची ओळख होते आणि शिक्षकाची भाषा तशीच राहते. आता दर रविवारी एक लेख वाचून त्यावर पाच मिनिटे बोलते, ते मुद्रित करते आणि मागच्या महिन्याच्या मुद्रणाशी ताडून पाहते.

संमतीबाबत ढिलाई नको. विद्यार्थ्यांची लेखी परवानगी घ्यावी, ते अल्पवयीन असतील तर पालकांचीही. मुद्रण माझ्याच संगणकावर राहते, विचारून ठेवलेला तुकडा सोडून बाकीचे पंधरा दिवसांनी पुसले जाते आणि गुणांसाठी कधीही वापरले जात नाही. शिक्षकांच्या वार्षिक मूल्यमापनासाठी ही मुद्रणे द्यावीत, अशी सूचना मला एकदा झाली. मी नकार दिला आणि पुन्हाही देईन, कारण वरिष्ठ ऐकणार आहेत हे माहीत असले की तास त्यांच्यासाठी घेतला जातो.

पुढच्या सत्रात विद्यार्थ्यांच्या बोलण्याचा आपोआप लिहिलेला मजकूर पूर्ण बंद करणार आहे. दहा मिनिटांच्या खुणा पंधरवड्यातून एकदाच करीन, कारण दर आठवड्याचा अर्धा तास परीक्षांच्या दिवसांत निघत नाही. रो यांनी आणखी एक थांबा मोजला होता: विद्यार्थ्याचे बोलून झाल्यावर शिक्षक पुन्हा बोलेपर्यंतचा. माझा हा थांबा अजूनही एका सेकंदाच्या आतच आहे. त्यासाठी एलानमध्ये चौथा थर कालच आखला.