हिरडीला चिकटून राहणारी मायकोनॅझोलची गोळी : एक परीक्षण

तोंडात कॅन्डिडा बुरशीचे पांढरे चट्टे आले की आपल्याकडे बहुधा क्लोट्रिमाझोलचा माउथ पेंट किंवा मायकोनॅझोलचे जेल दिले जाते. औषध योग्य असते, पण ते तोंडात टिकत नाही. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि लावलेला थर थोड्याच वेळात घशाखाली उतरतो. म्हणून दिवसातून चार वेळा लावा, लगेच पाणी पिऊ नका अशा सूचना द्याव्या लागतात. औषधनिर्माणशास्त्र शिकवताना मी त्या वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिल्या. घरी आजारी पडल्यावर स्वतःला मात्र त्या दोन दिवसही पाळता आल्या नाहीत.

या अडचणीवर फ्रान्सच्या बायोअलायन्स फार्मा कंपनीने काढलेला उपाय म्हणजे ५० मिलिग्रॅम मायकोनॅझोलची, युरोपात लोरामिक आणि अमेरिकेत ओराव्हिग या नावांनी आलेली गोळी. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने तिला २०१० मध्ये मान्यता दिली. गोळी गिळायची नाही, चघळायचीही नाही. सकाळी दात घासल्यावर तिची गोलसर बाजू वरच्या हिरडीवर, सुळ्याजवळच्या खोलगट जागी ठेवायची आणि ओठावरून ३० सेकंद हलकेच दाबून धरायचे. गोळीतले हायप्रोमेलोज (सेल्युलोजपासून केलेले चिकट द्रव्य) आणि दुधातील प्रथिने ओलाव्याने फुगतात, त्यांच्या साखळ्या हिरडीवरच्या श्लेष्मल थरातील म्यूसिन या बुळबुळीत प्रथिनात गुंततात आणि गोळी हळूहळू झिजत औषध सोडत राहते. दुसऱ्या दिवशी हिरडीची दुसरी बाजू, असे १४ दिवस. मधल्या काळात जेवणखाण चालते, च्युइंगम मात्र वर्ज्य.

मला या रचनेत सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्रेचा हिशेब. डोके व मानेच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या रुग्णांवरील चाचणीत या गोळीची तुलना रोज ५०० मिलिग्रॅम मायकोनॅझोल देणाऱ्या जेलशी झाली, आणि दहावा हिस्सा औषध देऊनही गोळी जेलपेक्षा कमी पडली नाही. एचआयव्हीबाधित ५७८ रुग्णांच्या चाचणीत ती दिवसातून पाच वेळा तोंडात विरघळवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्यांसमोर होती. तिथेही निष्कर्ष इतकाच, की ती त्यांच्यापेक्षा निकृष्ट नाही. जाहिरातीत याला सरस म्हणायचा मोह होईल, पण आकडे तसे सांगत नाहीत. फायदा पाच वेळांऐवजी एकदाच औषध घेण्याचा आहे, आणि ज्याला आधीच दिवसभर इतर गोळ्या मोजून घ्याव्या लागतात त्याच्यासाठी तो लहान नाही.

उणिवाही आहेत. तोंड फार कोरडे असेल तर चिकटण्यासाठी लागणारा ओलावाच अपुरा पडतो, आणि किरणोपचारानंतर नेमकी तीच तक्रार असते. पहिल्या सहा तासांत गोळी निघाली तर तीच पुन्हा लावायची, चुकून गिळली गेली तर पेलाभर पाणी पिऊन नवी लावायची, आणि सहा तासांनंतर निघाली तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचे. थकलेल्या वृद्ध रुग्णाला हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्याला ही गोळी देता येत नाही. रक्तात मायकोनॅझोल फारच थोडे जाते, तरी वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्याने ती सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगून रक्त गोठण्याच्या तपासणीची वेळ ठरवून घ्यावी.