रानघोडे: हेलिकॉप्टरने हाकायचे की डार्टने आवरायचे?

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या सरकारी माळरानांवर, सर्वाधिक नेवाडात, रानघोडे चरतात. १९७१च्या कायद्याचं त्यांना संरक्षण आहे. तरी 'संख्या फार झाली' म्हणत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे सरकारी जमिनी सांभाळणारं खातं त्यांना उचलून नेतं.

उचलायची रीत अशी: हेलिकॉप्टर कळपाला मैलोन् मैल पळवत आणतं. पुढे तागाच्या कापडाच्या दोन भिंती नरसाळ्यासारख्या अरुंद होत जातात. तोंडाशी एक शिकवलेला घोडा सोडतात. तो सवयीने थेट कोंडवाड्यात धावतो, बाकीचे त्याच्यामागे. या रेट्यात शिंगरं मागे पडतात, कुणाचा पाय मोडतो. दत्तक न गेलेले पुढे कोंडवाड्यांत नाहीतर भाड्याच्या कुरणांवर. असे ६०,०००हून अधिक आहेत आणि २०२३ साली त्यांना पोसायला १० कोटी डॉलरच्या वर खर्च झाला.

दुसरा मार्ग पीझेडपी लशीचा. लांबून घोडीच्या पुठ्ठ्यात डार्ट मारला की साधारण वर्षभर गर्भ राहत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या अ‍ॅसाटीग बेटावर १९९०च्या दशकात हेच सुरू झालं. आता, तिथला कळप छोटा, घोडीन् घोडी ओळखीची. नेवाडाच्या उघड्या माळावर हे काम किचकटच, शिवाय डोस पुन्हा पुन्हा द्यायचे.

तरी माझा कौल डार्टलाच. घोडे काढले की उरलेल्यांना चारा मुबलक होतो आणि पैदास जोरात राहते, हे नॅशनल रिसर्च कौन्सिल या वैज्ञानिक सल्लागार संस्थेच्या २०१३च्या अहवालातच आहे. आणि चाऱ्याचीच एवढी काळजी असेल, तर याच जमिनींवर खासगी गुरंही चरतात: २०२४ साली गाय-वासरामागे महिन्याला चराईचं भाडं फक्त १.३५ डॉलर!